तीनशे अकरा नंबरचा पलंग

रणभिसेसाहेबांनी ज्या घरात उभी नोकरी काढली, त्या घरातल्या एकाही खुर्चीवर ते कधी बसले नाहीत. घरात खुर्च्यांना तोटा नव्हता. वेताच्या होत्या, सागवानी होत्या, एक तर कुणा परदेशी पाहुण्यांनी भेट दिलेली, मागे कलणारी होती. रणभिसे मात्र घरून आणलेल्या मूढ्यावर बसायचे. दिल्लीत रस्त्याच्या कडेला विकतात तसला, सरकंड्याच्या जाड गवतकाड्यांचा, खाली सायकलचा टायर लावलेला मूढा. त्याच्यावर ताठ बसून, मांडीवर लाकडी फळी आणि फळीवर रजिस्टर ठेवून ते दिवसभर लिहीत. कुणी आलं की आधी मूढा उचलून बाजूला ठेवत आणि मग नमस्कार करत.

घर एका मंत्र्यांचं होतं. मराठी माणूस, पण दिल्लीत हयात गेलेली. फरीदाबादच्या पलीकडे, अरवलीच्या उघड्याबोडक्या टेकड्यांच्या पायथ्याशी त्यांनी जमीन घेतली आणि कोठी बांधली. आधी शनिवार-रविवार तिथे जात, सत्ता गेल्यावर कायमचे जाऊन राहिले आणि तिथेच वारले. मुलांनी कोठी सरकारला दिली आणि सरकारनं तिचं संग्रहालय केलं. आसपासच्या गावांत तिला अजून ‘मिनिस्टर की कोठी’च म्हणतात, आणि आतली माणसं मंत्र्यांना ‘मंत्रीजी’ म्हणत, जसे काही ते दुपारची झोप काढून आत्ता बाहेर येणार आहेत.

मी तिथे कनिष्ठ सहायक म्हणून लागले तेव्हा संग्रहालय होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी सरोजिनीनगरहून चार्टर्ड बसनं, मग टेम्पोनं आणि शेवटचा मैलभर धुळीतून पायी अशी मी पोचले आणि व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत टेकले. एक उंच, हडकुळा, सावळा माणूस येऊन समोर उभा राहिला. हात स्वच्छ धुतलेले, अजून ओले. शांतपणे म्हणाला, “उठा. तुम्ही बासष्टवर बसला आहात.”

मी उठले. खुर्ची वाकून पाहिली तर मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, मुंगीएवढ्या पांढऱ्या अक्षरांत बासष्ट. मराठी का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर चेहरा थोडा सैल झाला. म्हणाले, चला, म्हणजे एकदाच सांगावं लागेल. आणि खरंच, पुढच्या इतक्या वर्षांत त्यांनी मला कोणतीही गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली नाही. विसरलं की नुसते बघत. ते बघणं ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

त्यांचं काम नोंदींचं. घरातल्या प्रत्येक वस्तूला नंबर. आधी वार्निशचा बारीक पट्टा, तो वाळला की त्याच्यावर केसाएवढ्या ब्रशनं पांढरा आकडा, आणि त्याच्यावर पुन्हा वार्निश. मग रजिस्टरमध्ये नोंद: वस्तू कोणती, कुठे होती, अवस्था काय, कुणाची, आणि शेवटच्या रकान्यात हे सांगितलं कुणी त्याचं नाव. दोन हजारांच्या वर वस्तू होत्या आणि एकीच्याही नोंदीत खाडाखोड नव्हती. बाहेरून अधिकारी आले की ते रजिस्टर लग्नातल्या साडीसारखं हातातून हातात फिरायचं. लोक अक्षराचं कौतुक करायचे. रणभिसे मागे उभे राहून त्यांच्या बोटांवर लक्ष ठेवायचे, पानाला तेलकट डाग पडू नये म्हणून.

फाटकावरचा धरमबीर एक गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा. पहिल्या यादीच्या वेळी त्याचा जेवणाचा डबा स्वयंपाकघरात राहिला होता. रणभिसेंनी त्यालाही नंबर दिला. जेवायच्या वेळी धरमबीरला डब्याच्या बुडाशी आकडा दिसला आणि त्यानं कोठी डोक्यावर घेतली. मेरा है, मेरी घरवाली का दिया हुआ है, सरकार का कैसे हो गया. रणभिसेंनी त्याचं ऐकून घेतलं, दुसऱ्या दोघांना विचारलं, आणि यादी पक्की व्हायच्या आत, कच्च्या कागदावरूनच डबा काढून टाकला. आम्ही सगळे या गोष्टीवर हसायचो. त्या हसण्यात आक्काही असत.

आक्का म्हणजे मंत्रीजींची धाकटी बहीण, यमुनाबाई. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला आणि त्या भावाकडे आल्या. चार वर्षांनी भावजय गेली, तेव्हा धाकटा अवी चार वर्षांचा होता. त्याच्यासकट तिन्ही मुलं आक्कांनी वाढवली, भावाचं घर चालवलं, मंत्री म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांचं केलं. कोठी सरकारकडे गेली तेव्हा पहिल्या अधिकाऱ्यानं तोंडी सांगितलं की माताजी मागच्या खोलीत राहतील, आजन्म. कागदावर काही नव्हतं. त्या काळी कुणाला ते चुकल्यासारखंही वाटलं नाही. त्या बुटक्या, चपळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सकाळी फाटक उघडायच्या आत त्यांची पूजा, आंघोळ, धुणं सगळं आटपलेलं असे, म्हणजे लोकांच्या नजरेला त्यांच्या साडीची दोरीही पडू नये.

रणभिसेंचं आणि त्यांचं चांगलं जमायचं. ते नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. वडिलांनी म्हणे दहा आज्ञांपैकी एकच छडी मारून पाठ करून घेतली होती, खोटी साक्ष देऊ नकोस. बाकीच्या नऊ तुझ्या तू पाळशील म्हणाले. नाताळात रणभिसेबाईंच्या हातच्या करंज्या आक्कांकडे पोचत आणि संक्रांतीला आक्कांचे लाडू रणभिसेंकडे. त्या त्यांना भाऊ म्हणत. एकमेकांशी बोलताना दोघंही हळू, जेवढ्यास तेवढं बोलत. मला वाटतं दोघांनाही आयुष्यात पहिल्यांदाच आपल्यासारखं माणूस भेटलं होतं.

आणि तरी आक्कांचं वाटोळं रणभिसेंच्याच हातून झालं. ते कसं, हे मला दोघांकडूनही कळलं, वेगवेगळ्या वेळी, आणि दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचाही फरक नव्हता.

पहिली यादी झाली ती जानेवारीत. तीन आठवडे धुकं, बोटं वाकत नाहीत अशी थंडी. वरून आदेश होता की ताबा घेतला त्या दिवशी कुंपणाच्या आत जे जे आहे ते सगळं लिहायचं. आक्का बॅटरी धरून कपाटं उघडून दाखवत आणि रणभिसे लिहीत. हे दादाचं, हे दादाला अमक्यांनी दिलं, हे वहिनीनं आणलं, म्हणजे दादाचंच. असं करत ते मागच्या खोलीपर्यंत आले. ती पूर्वी पाहुण्यांची खोली होती आणि आक्का तिला अजूनही पाहुण्यांचीच खोली म्हणत, जरी त्या स्वतः तिथे अकरा वर्षं झोपत होत्या. आत एक शिसवी पलंग, एक पत्र्याची ट्रंक आणि हाताचं शिवणयंत्र. पलंग त्यांच्या लग्नात माहेरून मिळालेला. शिवणयंत्र त्यांनी स्वतः घेतलेलं. मंत्रीजींचे खादीचे झब्बे त्याच्यावरच शिवले जायचे, आक्का शिवायच्या.

रणभिसेंनी विचारलं, “आक्का, हे तुमचं ना?”

आणि आक्का म्हणाल्या, “आता माझं काय असायचंय, भाऊ, या घरात? सगळं दादाचंच.”

आपल्याकडे यजमानीण म्हणते, काही केलं नाही हो, साधंच आहे, आणि पानात सोळा पदार्थ असतात. ते आपण कुणी लिहून ठेवत नाही. रणभिसेंनी लिहून ठेवलं. पलंग, तीनशे अकरा. ट्रंक, तीनशे बारा. शिवणयंत्र, तीनशे तेरा. कुणाचं: मंत्रीजींचं. सांगणाऱ्याचं नाव: यमुनाबाई, मंत्रीजींची बहीण. खाली आक्कांनी सही केली. खोलीच्या रकान्यात लिहिलं ‘पाहुण्यांची खोली’. तिथे कुणी राहतं असं कुठेच आलं नाही, कारण माणसांसाठी रकाना नव्हता.

ट्रंक तेवढी पुढे वरच्या मंजुरीनं वापरातले कपडे म्हणून सुटली, नोंद तशीच राहिली. आत साड्या होत्या आणि साड्यांना नंबर द्यायला रणभिसेही धजले नाहीत. शिवणयंत्र पुढच्या दालनात गेलं. तिथे कुणा हुशार माणसानं रजिस्टर वाचून फलक लावला, ‘मंत्रीजी इसी मशीन पर अपने कपड़े स्वयं सीते थे.’ गाइड तो रोज घोकल्यासारखा म्हणायचा. आक्का मागच्या खोलीत भाजी निवडत ऐकायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. दादाला बटण लावता येत नव्हतं, मला म्हणाल्या एकदा. मी रणभिसेंना विचारलं की फलक बदलायला नको का. ते म्हणाले, रजिस्टरमध्ये तसं आहे. मग थोड्या वेळानं, मी विचारलेलं नसताना म्हणाले, “तिथे मी साक्ष लिहिली. खरं काय ते लिहिलं नाही.” आणि उठून हात धुवायला गेले.

पलंग खोलीतच राहिला, पण नियमानं नोंदवलेली वस्तू वापरात आणता येत नाही. यावर रणभिसेंनी तोड काढली. दर एप्रिलला ते एक चिठ्ठी तयार करत: पलंग क्रमांक तीनशे अकरा, संग्रहालयाच्या मालकीचा, एक वर्ष वापरासाठी दिला. आक्का खाली सही करत. स्वतःच्या लग्नातल्या पलंगावर झोपायला परवानगी. आक्कांना यात गंमत वाटायची. चला भाऊ, माझं भाडेपत्र आलं का, असं त्या विचारायच्या. रणभिसेंना मनापासून वाटायचं की आपण आक्कांचं रक्षण करतोय. त्या चिठ्ठ्या त्यांनी सालवार दोऱ्यात ओवून ठेवल्या होत्या.

एका सोमवारी, संग्रहालय बंद असताना, आक्कांनी विचारलं की दोन उशांचे अभ्रे शिवायचेत, पंधरा मिनिटं मशीन मिळेल का. रणभिसे नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी आक्कांचं कापड घरी नेलं, बायकोकडून अभ्रे शिवून आणले, कडेला फुलंसुद्धा काढलेली. आक्कांनी कौतुक केलं. मला मात्र त्या फुलांची चीड आली होती आणि मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

अशी वर्षं गेली. माझी मुलं मोठी झाली, कोठीच्या आजूबाजूला कॉलन्या उठल्या, टेकडीवरची दगडखाण बंद झाली. मग नवे संचालक आले. वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम सांगते. नीट बोलणारा, कामाचा. त्यांच्या मनात कोठी पहिल्यासारखी सजवायची होती, आणि पाहुण्यांची खोली ही पाहुण्यांची खोली म्हणून लोकांना दाखवायची होती. मंत्रीजींकडे मोठमोठी माणसं उतरलेली, त्यांचे फोटो भिंतीला लावायचे. त्यांनी विचारलं, या माताजी तिथे कोणत्या आधारावर राहतात. फाइल शोधली. आधार निघाला नाही. निघालं ते रजिस्टर, ज्याच्यात त्या खोलीत कुणी राहत नव्हतं आणि खोलीतलं काही कुणा बाईचं नव्हतं. आणि निघाल्या दोऱ्यात ओवलेल्या चिठ्ठ्या, ज्यांत आक्का दरवर्षी सही करून सांगत होत्या की पलंग माझा नाही.

अवीला पत्र गेलं. तो दिल्लीतल्याच द्वारकेत राहायचा, मोठ्या कंपनीत होता. त्याचं लगेच उत्तर आलं की आत्या आमच्याकडे येईल, आम्हाला आनंदच आहे. आक्कांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतः होऊन एकदाच मला म्हटलं, इथे मला अंधारातही पाणी कुठे आहे ते सापडतं गं. बस, एवढंच. त्यांचं वय तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे होतं.

रणभिसेंनी चार दिवस घेऊन एक पानी टिपण लिहिलं. टाइप मी केलं. त्यात त्यांनी लिहिलं होतं की तीनशे अकरा ते तीनशे तेरा या नोंदी चुकीच्या आहेत. त्या वस्तू यमुनाबाईंच्या आहेत हे मला त्या दिवशी दिसत होतं, तरी मी तसं लिहिलं नाही. त्या या खोलीत राहत होत्या हेही दिसत होतं. चूक माझी आहे. उभ्या नोकरीत त्यांनी लिहिलेला हा पहिला कबुलीजबाब. टाइप करताना माझी बोटं चुकत होती आणि ते मूढ्यावर बसून मी चुकलेले कागद चुरगाळून टाकताना बघत होते.

संचालकांनी त्यांना बोलावलं, चहा मागवला. म्हणाले, रणभिसेजी, या तीन नोंदी चुकीच्या मानल्या तर बाकीच्या दोन हजारांवर कोण विश्वास ठेवील? तुमचं रजिस्टर चुकत नाही, यावरच तर हे म्यूझियम उभं आहे. मग खरोखरच भल्या मनानं म्हणाले, “चलिए, एक काम करते हैं. माताजी खुद सबके सामने बोल दें कि क्या-क्या उनका है. मैं फ़ाइल चला दूँगा.” पलंग आक्कांचा म्हटला, म्हणजे त्या इथे राहत होत्या हे आपोआप आलं, आणि मग खोलीचंही काही करता आलं असतं. एवढंच हवं होतं. आक्कांनी एकदा ‘माझं’ म्हणायचं.

रणभिसे आठवडाभर त्यांची तयारी करून घेत होते. लहान मुलाला शाळेत घालण्याआधी नाव-गाव शिकवावं तशी. आक्का मान डोलवायच्या.

ऑक्टोबरातली सकाळ होती. व्हरांड्यात संचालक, दोन अधिकारी, मी लिहून घ्यायला, आणि गाडी घेऊन आलेला अवी. साठीकडे झुकलेला, टक्कल पडलेला, तरी आक्कांनी त्याच्या शर्टाची कॉलर आधी सरळ केली आणि मग ऑफिसातून आणलेल्या खुर्चीवर बसल्या. संचालकांनी आदरानं विचारलं, माताजी, इनमें से आपका क्या है. रणभिसे मराठीत म्हणाले, “आक्का, पलंग माझा आहे, एवढंच म्हणा. बाकी मी बघतो.”

अवीही म्हणाला, आत्या, लाजू नकोस, जे असेल ते सांग. त्यानंही मनापासूनच म्हटलं. आक्कांनी त्याच्याकडे बघितलं. मग खांद्यावरचा पदर नीट केला आणि हसल्या.

“नाही रे बाबा,” त्या म्हणाल्या. “माझं काय असायचंय इथे? सगळं दादाचंच. हो ना, भाऊ? तुम्हीच तर लिहिलंय.”

मी ते हिंदीत लिहून घेतलं. आक्कांनी सही केली. रणभिसे भिंतीला टेकून उभे होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की या माणसाला कुणीतरी बसायला खुर्ची द्यावी.

नंतर मी आक्कांना विचारलं की असं का केलंत. त्या मटार सोलत होत्या. म्हणाल्या, “अवीसमोर कसं म्हणू गं? त्याला वाटलं असतं, आत्या इतकी वर्षं मनात मोजत होती.”

जायच्या दिवशी एक ट्रंक आणि एक कापडी पिशवी, एवढंच सामान होतं. कोठीतून बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट नोंदीवाल्यानं फाटकाशी तपासायची असा नियम. धरमबीरनं तोंड फिरवलं आणि म्हणाला, रहने दो साहब, माताजी का सामान है. रणभिसेंनी पिशवी उघडली. वर पोथी, खाली औषधं, आणि तळाशी एक पितळी फुलपात्र. त्यांनी ते उलटं केलं. बुडाशी आकडा होता. आक्का ओशाळल्या. अगोबाई, चुकून आलं बघा, रोजचं हाताशी असतं ना, असं म्हणून त्यांनी ते स्वतःच त्यांच्या हातात दिलं.

मला वाटलं ते परत पिशवीत टाकतील. बघणारे आम्ही दोघंच होतो, मी आणि धरमबीर, आणि दोघंही आंधळे व्हायला तयार होतो. त्यांनी टाकलं नाही. फुलपात्र हातात धरून उभे राहिले, गाडी निघून गेली, आणि मग आत जाऊन त्यांनी ते जागेवर ठेवलं. मला त्या दिवशी त्यांचा जो राग आला तो आजही पुरता गेलेला नाही.

त्या जानेवारीत आम्ही दोघं द्वारकेला आक्कांना भेटायला गेलो. आठव्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीवरून विमानं इतकी खालून जात की बोलणं थांबवावं लागे. अवीची बायको चांगली होती, चहा-पोहे दिले. आक्का हॉलमध्ये घडीच्या खाटेवर झोपत आणि सकाळी खाट दाराआड जाई. रणभिसेंनी कुठल्याशा जुन्या बाजारातून हाताचं शिवणयंत्र घेतलं होतं, साफ करून, तेल घालून आणलं होतं. त्याच्या लाकडी बैठकीवर, वार्निशच्या दोन थरांमध्ये, पांढऱ्या अक्षरांत यमुनाबाईंचं पूर्ण नाव. आक्कांनी चष्मा लावून ते वाचलं. म्हणाल्या, “कशाला लिहिलंत हो? उद्या कुणाला द्यायचं झालं तर खरवडावं लागेल.” मशीन बाल्कनीत ठेवलं गेलं, वर प्लास्टिक घालून. होळीच्या आधी आक्का गेल्याचा फोन आला.

रणभिसे पुढच्या वर्षी निवृत्त झाले. भाषणं नकोत म्हणाले. मूढा धरमबीरच्या सायकलला बांधून बसस्टॉपपर्यंत नेला. त्यांच्या जागी मी आले.

दोन-तीन महिन्यांनी ते तिकीट काढून आले. मग दर रविवारी येऊ लागले. रांगेतून नीट येत, कशाला हात लावत नसत, आणि पाहुण्यांच्या खोलीत गाइड बोलायला लागला की मध्येच शांतपणे सांगत, ये ग़लत है. यहाँ मंत्रीजी की बहन रहती थीं. शाळेची मुलं त्यांच्याकडे वळत. मशीनसमोर पुन्हा तेच. गाइड चिडायला लागले, लोक तक्रारवहीत लिहायला लागले. काहींनी लिहिलं, कोई पागल बुज़ुर्ग हैं. संचालकांनी मला बोलावून सांगितलं की या गृहस्थांना तिकीट देऊ नये असा आदेश काढा. मी काढला. सही माझी आहे. धाकट्याचं बारावीचं वर्ष होतं, माझी बढती व्हायची होती. कारणं शोधली की सापडतातच.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते फेब्रुवारीतल्या एका रविवारी. तिकीट नाकारलं म्हणून ते फाटकाबाहेर, खिडकीपाशी उभे होते. उन्हं छान पडली होती, दिल्लीहून कुटुंबंच्या कुटुंबं आली होती, रांग रस्त्यापर्यंत गेली होती. रणभिसेंच्या अंगात कोपरावर विरलेला स्वेटर होता. रांगेतल्या प्रत्येकाला ते तेच सांगत होते, पूर्वी मला नोंद सांगायचे त्याच एकसुरी आवाजात. पीछे वाले कमरे में मंत्रीजी की बहन रहती थीं, यमुनाबाई. पलंग उनका है. मशीन उनकी है, कपड़े वो सीती थीं. अंदर जो लिखा है, ग़लत लिखा है. एका माणसानं, खांद्यावर मुलगी घेतलेली, विचारलं, “अंकल, आप कौन हैं?”

“लिखने वाला,” रणभिसे म्हणाले. “ग़लत मैंने ही लिखा था.”

माणूस अच्छा म्हणून पुढे सरकला. रणभिसे त्याच्या मागच्याकडे वळले.

धरमबीर मला बोलवायला आला, कारण त्यांना हात धरून हटवायला तो तयार नव्हता. मी बाहेर गेले. त्यांनी मला ओळखलं, पण थांबले नाहीत; मी रांगेतच असल्यासारखं मलाही मराठीत सगळं पहिल्यापासून सांगितलं. मागच्या खोलीत मंत्रीजींची बहीण राहत होती. पलंग त्यांचा. मी म्हटलं, सर, मला माहीत आहे. मला सगळं माहीत आहे.

“मग आत जाऊन सांगा,” ते म्हणाले.

मी आत गेले. पुढच्या दालनात पंधरावीस माणसं मशीनभोवती उभी होती आणि गाइड मंत्रीजी स्वतःचे कपडे कसे शिवत ते सांगत होता. मी दारात उभी राहून त्याचं सगळं ऐकून घेतलं. लोकांनी फोटो काढले, पुढच्या खोलीत गेले, आणि मी जिना चढून ऑफिसात आले.